घटस्फोट नवऱ्याशी होतो, बँकेशी नाही

फुलस्केपची चार पानं, निळी शाई, एकही खाडाखोड नाही. असं पत्र हल्ली क्वचित येतं. थोडक्यात मजकूर असा:

‘माझं वय 36. लग्न 2014 साली झालं, मुलगा सात वर्षांचा आहे. भांडणतंटा, मारहाण असं काही नाही, पण आमचं जमलं नाही. गेले चौदा महिने मी मुलाला घेऊन चिंचवडला आईकडे राहते. आता दोघांच्या संमतीने घटस्फोट घ्यायचं ठरलंय. वाकडचा फ्लॅट 2018 मध्ये 72 लाखांना घेतला. दोघांच्या नावावर आहे, कर्जही दोघांच्या नावावर. डाउन पेमेंट 15 लाख होतं, त्यात माझे 5 आणि माझ्या बाबांच्या फंडातले 4. हप्ता साडेएकोणपन्नास हजार, त्यातले 20 हजार मी दर महिन्याला नवऱ्याच्या खात्यात टाकत होते, घर सोडेपर्यंत. अजून साडेशेहेचाळीस लाख फेडायचे आहेत. आज तिथे तसाच फ्लॅट 1 कोटी 10 लाखांना जातो. ते म्हणतात, 12 लाख घे, हक्कसोडपत्र कर, पुढचे हप्ते मी भरतो. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीकडे सह्या करू आणि मग कोर्टात जाऊ. वकील त्यांच्या ओळखीचाच आहे, दोघांचं काम एकटाच करेल, खर्च वाचेल. मला पोटगी नको, तेवढा स्वाभिमान आहे. माझा पगार 62 हजार, त्यांचा 1 लाख 60 हजार. माझे 22 तोळे सासूबाईंच्या लॉकरमध्ये आहेत, ते मागायचं जिवावर येतं. सही करू का?

ता. क. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय, मुलगा म्हापशाचा. आई म्हणते, थोरलीचं झालं ते झालं, हिच्या वेळी आधीच सगळं कागदावर लिहून घेऊ. असं घेता येतं का?’

ताई, सही करू नका. निदान याच क्रमाने तरी नको.

आधी नोटरीचं. नोटरीसमोर केलेल्या घटस्फोटाच्या कागदाला हिंदू विवाह कायद्यात काडीची किंमत नाही. काही जातींत रूढीने फारकत चालते, ती कायद्याने राखून ठेवली आहे. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. तुमचं लग्न मोडायचा अधिकार फक्त कौटुंबिक न्यायालयाला आहे, म्हणजे तुमच्या बाबतीत शिवाजीनगरला. मग तो पाचशेचा कागद कशासाठी? उद्या तुमचं मन बदललं तर ‘हिने तेव्हा 12 लाखांवर लिहून दिलं होतं’ असं दाखवता यावं, एवढ्यासाठी. तुमच्या नवऱ्याच्या मनात तसं नसेलही. पण कागद मन वाचत नाही.

आता बँक. वकिलीच्या पंचवीस वर्षांत मी या एका मुद्द्यावर जितकी माणसं रडताना पाहिली, तितकी मुलांच्या ताब्याच्या भांडणातही पाहिली नाहीत. एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. घटस्फोटाला चार वर्षं झालेली. हुकूमनाम्यात स्वच्छ लिहिलेलं की गृहकर्ज पती फेडेल. त्यांनी स्कूटरसाठी साधं कर्ज मागितलं तर बँकेने नकार दिला. का? तर माजी नवऱ्याने अकरा हप्ते थकवले होते आणि कर्जात सहकर्जदार म्हणून यांचं नाव तसंच होतं. सिबिलचा आकडा साडेपाचशेच्या घरात. त्या हुकूमनामा हातात घेऊन बँकेत गेल्या. मॅनेजरने तो आदराने वाचला आणि परत दिला. बँक त्या दाव्यात पक्षकार नव्हती, तिने कुणाला सोडलेलं नव्हतं.

म्हणून ‘पुढचे हप्ते मी भरतो’ या वाक्याचा तुम्हाला उपयोग शून्य. उपयोग आहे तो बँकेच्या लेटरहेडवरच्या पत्राचा, ज्यात तुम्हाला सहकर्जदार म्हणून मुक्त केल्याचं लिहिलेलं असेल. ते मिळवायला त्यांना एकट्याच्या पगारावर कर्ज पुन्हा मंजूर करून घ्यावं लागेल, नाहीतर दुसऱ्या बँकेत हलवावं लागेल. हे पत्र हातात येईपर्यंत हक्कसोडपत्र नाही. फ्लॅटवरचं नाव काढून बसलात आणि कर्जावरचं तसंच राहिलं, तर घर त्यांचं आणि देणं तुमचंही, अशी गत होईल.

रकमेकडे येऊ. तुम्ही आकडे दिलेत म्हणून हिशेब मांडता येतो, याबद्दल तुमचे आभार. बहुतेक पत्रांत नुसते उसासे असतात.

1 कोटी 10 लाखांतून साडेशेहेचाळीस लाख वजा केले की उरतात साडेत्रेसष्ट लाख. त्यातलं तुमचं किती? महाराष्ट्रात नवरा-बायकोची मालमत्ता घटस्फोटात आपोआप निम्मी-निम्मी होत नाही, हे आधी समजून घ्या. बायकोला वाटा देणारं दुरुस्ती विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं, पण त्याचा कायदा कधी झालाच नाही. आपल्याकडे नाव आणि पैसा या दोनच गोष्टी बोलतात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 45 म्हणतं, दोघांनी मिळून घेतलं असेल तर ज्याने जितकं घातलं तितका त्याचा वाटा, आणि किती घातलं याचा पुरावा नसेल तर समसमान. समसमान धरलं तर तुमचे पावणेबत्तीस लाख होतात. ते घातलेल्या पैशावर अडून बसले तर? तुमचे डाउन पेमेंटचे 9 लाख. सहा वर्षांचे हप्ते, महिना 20 हजार, म्हणजे 14 लाख 40 हजार. एकूण 23 लाख 40 हजार. आजवर दोघांनी मिळून घातलेले अंदाजे साडेछप्पन्न लाख. तुमचा हिस्सा एक्केचाळीस टक्क्यांच्या पुढे जातो, तो झाला सव्वीस लाखांच्या आसपास. तुमच्या बाजूने कंजूषपणे मोजलं तरी सव्वीस, आणि समोरून आलेत बारा.

‘त्यांच्याकडे एवढे पैसे नाहीत’ असं तुम्ही पान तीनवर लिहिलंय. रोख नसतील. पण तुमचे तीस लाख शिल्लक कर्जात मिळवले तरी साडेशहात्तर लाख होतात. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साडेसहासष्ट हजारांच्या आतबाहेर बसतो. 1 लाख 60 हजार पगाराच्या माणसाला तो जड आहे, अशक्य नाही. आणि खरंच झेपत नसेल तर फ्लॅट विका, कर्ज फेडा, उरलेलं वाटून घ्या. घरात मुलाची खोली आहे, त्याने भिंतीवर उंचीच्या खुणा केल्यात, हे सगळं तुम्ही लिहिलंय. मला कळतं. पण त्या भिंतीसाठी चौदा लाख सोडायचे का, हे तुम्ही ठरवा.

हे आकडे सिद्ध होतील ते तुमच्या बँक स्टेटमेंटवर. सहा वर्षांची स्टेटमेंटं या आठवड्यात काढा. बाबांनी 4 लाख कुणाच्या खात्यात टाकले ते बघा. तुमच्या खात्यातून फिरून गेले असतील तर उत्तम. थेट बिल्डरला गेले असतील तर बाबांचं पासबुक शोधा.

पोटगी नको, या तुमच्या स्वाभिमानाशी माझं भांडण नाही. खरं सांगायचं तर तुमच्या पगाराकडे बघून कोर्ट तुम्हाला दरमहा मोठी रक्कम देईल असं मला वाटतही नाही. कमावत्या बायकोला पोटगी मिळतच नाही असं नाही. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय. पण त्या भांडणात दोन वर्षं घालवण्यापेक्षा फ्लॅट आणि मुलगा यांवर जोर लावा. त्याच निकालाने एक चांगली रीत घालून दिली: पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही आपली मिळकत, गुंतवणूक, कर्जं प्रतिज्ञापत्रावर सांगायची. तुमच्या तडजोडीतही तशी प्रतिज्ञापत्रं मागा. एवढ्या पगाराच्या माणसाकडे शेअर्स, म्युच्युअल फंड, कंपनीचे स्टॉक ऑप्शन काहीच नसेल, यावर माझा विश्वास नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. तडजोडीच्या मसुद्यात शेवटी शेवटी एक वाक्य असतं: ‘भविष्यात उभय पक्ष एकमेकांवर कसलाही हक्क सांगणार नाहीत.’ ते वाचून लोक सुटकेचा श्वास सोडतात. तुम्ही मुलाच्या वतीने काही सोडू शकत नाही, त्याचा खर्च हा त्याचा हक्क आहे. आणि पोटगीचा कायदेशीर हक्क कायमचा सोडल्याचा करारही कोर्ट मानेलच असं नाही, कारण तो सार्वजनिक धोरणाविरुद्ध जातो. पण मुलाचं स्वतंत्र कलम नसेल तर पुढे हेच वाक्य तुमच्या तोंडावर फेकलं जातं. म्हणून शाळेची फी ते थेट शाळेला भरतील, दरवर्षी फी वाढली की तीही, दवाखाना, क्लास, सुट्ट्या कुणाकडे, हे सगळं लिहून घ्या. ‘योग्य तो खर्च’ असे शब्द नकोत. योग्य म्हणजे किती, यावरच तर तुमचं जमलं नाही. आणखी एक मागा: त्यांनी 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली मुलाच्या नावे टर्म विमा काढायचा. त्यातला लाभार्थी त्यांना नंतर बदलता येत नाही, आणि त्यांच्या धनकोंना त्या पैशाला हात लावता येत नाही.

बावीस तोळे. हे लिहिताना तुमचं अक्षर जरा बारीक झालंय. ताई, ते स्त्रीधन आहे. सासूबाईंचा लॉकर ही फक्त जागा. 1985 च्या प्रतिभा राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की बायकोचं स्त्रीधन सासरी ठेवलेलं असलं तरी मालक तीच, बाकीचे नुसते सांभाळणारे. भांडायला जाऊ नका. एक साधा मेसेज करा: ‘माझे दागिने कोणत्या दिवशी न्यायला येऊ?’ आणि खाली यादी. यादी आठवत नसेल तर लग्नाचा अल्बम काढा. हळदीच्या, सीमंत पूजनाच्या, रिसेप्शनच्या फोटोंत ठुशी, मोहनमाळ, पाटल्या, तोडे सगळं दिसतं. मी एका केसमध्ये फक्त अल्बमवर चौदा नग ओळखून घेतले होते. लक्ष्मीहाराच्या पदकातला एक खडा पडलेला होता तोसुद्धा फोटोत दिसत होता, मग ‘हा हार आमच्या घरातला जुना’ हे म्हणणं टिकलं नाही. सोनाराच्या पावत्या आईकडे असतील, त्या मिळवा. सोनं परत मिळाल्याची पोच तडजोडीच्या कागदात घाला.

कामाचा क्रम सांगते. चौदा महिने वेगळे राहताय, म्हणजे एक वर्षाची अट पूर्ण झाली, आजही अर्ज करता येतो. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. अमरदीप सिंग प्रकरणात 2017 मध्ये ही मुदत माफ करायची वाट उघडली, पण त्यात अर्जाआधी दीड वर्ष वेगळं राहिलेलं असावं असं बघितलं जातं. तुम्हाला ती माफी मागायची गरजच नाही. हे सहा महिने बँकेच्या फेऱ्यांसाठी लागणारच आहेत. आणि दुसऱ्या तारखेपर्यंत, हुकूम होईस्तोवर, दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून पैसे दोन टप्प्यांत: काही पहिल्या अर्जाच्या दिवशी, उरलेले दुसऱ्या तारखेला, कोर्टातच, डिमांड ड्राफ्टने. पुढच्या तारखांच्या चेकवर मी कुणाला सही करू दिलेली नाही. ड्राफ्टचा नंबर तडजोडीच्या कागदात टाईप झालेला असावा, हाताने भरलेला नको.

सीएला एकदा भेटाच, आणि मसुदा पक्का व्हायच्या आधी. एकरकमी पोटगी हे उत्पन्न नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा 1983 चा निकाल आहे. दरमहा पोटगीवर मात्र कर लागतो. पण फ्लॅटमधला वाटा सोडण्याचा मोबदला म्हणून जे येईल ते वेगळं, त्यावर भांडवली नफ्याचा कर बसू शकतो. शिवाय मोबदला घेऊन केलेल्या हक्कसोडपत्रावर खरेदीखतासारखी स्टॅम्प ड्यूटी लागते, ती कुणी भरायची हेही आजच ठरवा. ‘तो भरेल’ असं गृहीत धरून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दोघं एकमेकांकडे बघत बसलेली मी पाहिली आहेत.

आणि त्यांच्या ओळखीचा वकील त्यांनाच ठेवू द्या. तुमचा वेगळा. फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, पगाराची अट नाही.

तुमच्या पीएफवर, विम्यावर, म्युच्युअल फंडावर नॉमिनी कोण आहे? बहुधा तेच. घटस्फोटाने ते नाव आपोआप पुसलं जात नाही. एका दुपारचं काम आहे.

आता आईचा प्रश्न, आणि तो मला तुमच्या प्रश्नाइतकाच आवडला.

आपल्याकडे लग्नाआधीच्या करारांना कोर्टांनी फारशी दाद दिलेली नाही. 1901 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयासमोर एक मजेदार प्रकरण आलं. नवऱ्याने लग्नाआधी लिहून दिलं होतं की मी घरजावई म्हणून राहीन, सासूबाईंचं घर सोडणार नाही. पुढे त्याला घर सोडावंसं वाटलं. कोर्टाने करार रद्द ठरवला. त्यामुळे पुण्यात कुणी ‘प्री-नप’ करून देतो म्हणून पन्नास हजार मागितले तर हसून परत या. ‘घटस्फोट झाला तर मी काही मागणार नाही’ असल्या ओळी तर कागदाच्याही लायकीच्या नसतात.

गोव्यात मात्र चित्र उलटं आहे. तिथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला कौटुंबिक कायदा अजून चालतो, सगळ्या धर्मांना जवळपास सारखा. लग्नाआधीचा करार तिथे दुय्यम निबंधकासमोर रीतसर होतो, तो चालतोही. पण लग्नाच्या आधीच. लग्नानंतर बदलता येत नाही. करार केला नाही तर? तर आपोआप ‘कम्युनिअन ऑफ ॲसेट्स’: दोघांचं लग्नाआधीचं, नंतरचं, वारशाने आलेलंसुद्धा एकत्र, आणि लग्न मोडलं तर निम्मं-निम्मं. जोडीदाराच्या सहीशिवाय घर किंवा जमीन विकता येत नाही. प्राप्तिकर खातंही अशा जोडप्यांचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत अर्धं-अर्धं धरतं.

म्हणजे बघा, म्हापशाच्या घरात भाट (म्हणजे बागायत), घर, दुकान असं काही असेल तर आईने आधी काही लिहून न घेणं हेच कदाचित मुलीच्या हिताचं आहे. आणि समोरून ‘आम्हाला आधी एक कागद करायचाय’ असं आलं, तर तो कागद बहुधा स्वतंत्र मालमत्तेचा असेल. तो वाचल्याशिवाय होकार देऊ नका. दुसऱ्या बाजूने, तुमच्या बाबांच्या चिंचवडच्या फ्लॅटमधला बहिणीचा वाटाही याच नियमात ओढला जाऊ शकतो, याचाही विचार करा. गोव्यातली लग्ननोंदणी दोन सह्यांची असते. आधी इच्छा जाहीर करायची, मग काही दिवसांनी पक्की करायची. पहिल्या सहीनंतर लग्न झालं असं समजून दुसरी राहून गेली आणि पुढे बायकोचे हक्कच अडकले, असं तिथे घडलेलं आहे. पहिल्या सहीच्या आधी म्हापशातल्या वकिलाला भेटा. पुण्यातल्या नको, मलासुद्धा नको.

आणि लग्न पुण्यात होवो की गोव्यात, एक गोष्ट करून टाका. हुंडाबंदी कायद्याखाली 1985 चे नियम आहेत. लग्नात वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवायची: वस्तू काय, अंदाजे किंमत, कुणी दिली, देणाऱ्याचं नातं काय, आणि खाली वधू-वर दोघांच्या सह्या. चाळीस वर्षं झाली या नियमाला, मी अशी यादी दोन-तीनदाच पाहिली असेल. कुणाला अपशकुन वाटतो, कुणाला संकोच. अहेराच्या वहीत कुकरसुद्धा लिहितो आपण, पाटल्या मात्र लिहीत नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर, अहेराची वही उघडलेली असतेच. त्याच बैठकीत यादी करा, दोन प्रती, एक बहिणीकडे. तुमचं अक्षर सुवाच्य आहे. ते काम तुम्हीच घ्या.